माशांच्या खोक्यातली तेरा अंडी

बाबा गेल्यानंतर तीन वर्षं माझ्या मायनं विजेच्या बटणाला हात लावला नाही. मी अड्याळच्या विजेच्या दुकानातल्या कामावरून सायकलनं घरी पोचेपर्यंत ती अंधारातच बसून असायची. आजूबाजूच्या घरांत दिवे लागलेले, आमच्याच घरात काळोख. मी आत पाय टाकून बटण दाबायचो, तेव्हा ती पदरानं डोळे झाकून म्हणायची, "आला का बाबू?" उजेडानं डोळे दिपतात म्हणून झाकते, असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे माझा हात बटणावर जाताना तिला बघायचं नसायचं.

भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्या वर्षी बाबा गेले. आमच्या घरात अजून सालं तशीच मोजतात, जिल्हा तुटायच्या आधी आणि जिल्हा तुटल्यावर. धानाच्या बांधीत पाणी भरायचं काम चाललं होतं. बोडीवरची, म्हणजे शेततळ्यावरची, मोटर मधेच बंद पडली. बाबांनी ओल्या पायांनी, ओल्या हातांनी स्टार्टरचा डबा उघडला आणि आत हात घातला. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होतो, हाकेच्या अंतरावर. मला ओरडता आलं नाही. पळता आलं नाही. शेजारच्या बांधीतला माणूस धावत गेला, त्यानं लाकूड मारून त्यांना तारेपासून सोडवलं, आणि मी तोवर तिथंच उभा होतो. पोरगा हादरला, असं सगळे म्हणाले. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, त्यामुळं ते माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

पुढं मी आयटीआयला वायरमनचा ट्रेड घेतला तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. माझा हिशेब साधा होता. ज्याची भीती वाटते ते शिकून घ्यावं, म्हणजे भीती जाईल. गेली तर नाहीच. उलट माणूस करंटनं किती प्रकारे मरू शकतो हे मला रीतसर कळलं आणि त्याचं सर्टिफिकेटही मिळालं. मी पायात रबरी चप्पल घातल्याशिवाय कामाला हात लावत नसे. चपलेखाली आणखी लाकडी पाट. हात राखेनं कोरडे करायचे, टेस्टर दोनदा लावायचा, आणि मग उलट्या हाताच्या बोटांनी आधी शिवून बघायचं, कारण झटका बसला तर हात मागं येतो, मूठ आवळली जात नाही. दुकानदार भाऊ गिऱ्हाइकांसमोर सांगायचे, "आमचा वायरमन बल्ब बदलाच्या आंधी पंचशील म्हनते." लोक हसायचे, मीही हसायचो.

बाबा गेल्यावर माय बोलायची थांबली होती. भिंतीकडं तोंड करून बसायची. विचारलं तर हो-नाही, ताट पुढं ठेवलं तर दोन घास. विहारातल्या बाया येऊन बसायच्या, समजूत घालायच्या, आणि ती ऐकते की नाही ते न कळताच उठून जायच्या. असे कितीतरी महिने गेले. मला रोज वाटायचं, आज घरी जाईन आणि ही पण नसेल. तिला पुन्हा बोलतं केलं ते कोंबड्यांनी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बाबांनी लाखनीच्या आत्याकडून एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, आणली होती, सायकलच्या हँडलला पिशवीत टांगून. घरातल्या सगळ्या कोंबड्या त्या तलंगीच्या पोटच्या. एक दिवस त्यांतली एक मायच्या मांडीवर येऊन बसली आणि माय तिला म्हणाली, "तुले बी करमत नाई का वं?" मी दारात होतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

तेव्हा त्या कोंबड्या आमच्या घरात काय होत्या, हे ध्यानात यावं. अंडी-बिंडी नंतर.

त्या वर्षी पोळ्यानंतर मानमोडी आली. सकाळी चांगली दाणे टिपणारी कोंबडी दुपारी मान वाकडी करून गोल गोल फिरायची आणि संध्याकाळी पडायची. आठ-दहा दिवसांत आमच्या सगळ्या टोलीतली, आमच्या वस्तीतली, खुराडी रिकामी झाली. पहाटे आरवणं नाही, दारात घाण नाही, नुसतं सुनं सुनं. उरला एका घरचा एक कोंबडा आणि आमची तांबडी कोंबडी. दिवाळीच्या सुमाराला तांबडी खुडूक झाली. मायनं जमवलेली तेरा अंडी टोपलीत तणसावर, धानाच्या वाळल्या काडावर, मांडली, तणसाखाली एक खिळा आणि एक कोळसा ठेवला आणि तिला बसवलं. आमच्याकडं अंडी अशीच ठेवतात. ढग गडगडला तर अंड्यातला जीव दगावतो, खाली लोखंड असलं तर नाही. अंडी विषम ठेवायची, हेही तसंच ठरलेलं.

नवव्या दिवशी सकाळी तांबडी दाणा खायला टोपलीतून उतरली ती परत आली नाही. मी दात घासत होतो. कुंपणापाशी थोडी पिसं पडलेली, आणि ओल्या मातीत मुंगसाची पावलं. माय मुठीत धान घेऊन कुंपणाजवळ उभी होती. ती रडली नाही. धान खाली टाकलं, आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

तीच भिंत, तीच जागा, पाठीचा तोच बाक. मला ते सगळे महिने एकदम आठवले आणि मी काही विचार न करता ओरडलो, "माय, अंडे अजून गरम हायेत! मी पेटी बनवतो. मशीनमंदी निंगतेत पिल्लं, पोल्ट्रीवाले काढतेत."

तिनं वळून बघितलं. "कायची पेटी?"

"बल्बची."

बल्ब म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. पण ती उठली. टोपली मांडीत घेतली आणि दोन्ही हातांनी अंडी झाकून बसली. तिनं नाही म्हटलं नाही, हेच मला त्या घडीला पुष्कळ होतं.

आता बोललो तर होतो, पण आयुष्यात मी असली पेटी बघितलेलीसुद्धा नव्हती. जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून एकदा ऐकलं होतं, की अंड्याला शंभर डिग्री लागते, माणसाच्या बारीक तापाएवढी, आणि ती एकसारखी लागते. एक तासभर जास्त झाली तर शिजलं, फार वेळ कमी झाली तर गारठलं. शेजारचे काका ढिवर, तलावातले मासे अड्याळच्या बाजारात नेणारे. त्यांच्याकडून बर्फ-मासळीचा थर्माकोलचा खोका आणला. कितीही धुतला तरी वास जाईना. त्याला एका बाजूनं चौकोन कापून जुन्या फोटोफ्रेमची काच बसवली, म्हणजे झाकण न उघडता आतलं दिसेल. आत चाळीसचा बल्ब, एका वाटीत पाणी, खाली तणस.

खरा प्रश्न होता बल्ब आपोआप विझवायचा आणि पेटवायचा. माझ्या पिशवीत भंगारातल्या कपड्यांच्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट होता. त्यात दोन धातूंची एक पट्टी असते. तापली की वाकते आणि जोड सुटतो, थंडावली की सरळ होऊन जोड लागतो. इस्त्रीला ती फार उशिरा सुटते, पण तिचा स्क्रू ढिला करत नेला तर अंगाच्या उबेलाही सुटेल असं मला वाटलं. अंदाज बरोबर निघाला, फक्त हात पोळून घेतले. आतमध्ये तापाचा काचेचा थर्मामीटर टांगला. स्क्रू केसभर फिरवला की पारा एकशे चारच्या पुढं, उलटा फिरवला की बल्ब लागेचना. तापाच्या थर्मामीटरचा पारा आपण होऊन खाली येत नाही, प्रत्येक वेळी बाहेर काढून झटकायचा. दोन तास मी तेवढंच करत होतो, फिरव आणि झटक. मध्येच थर्माकोल पेटेल का, पाण्याची वाटी कलंडेल का, उघड्या तारेला बोट लागेल का, हे चालूच. घाम कपाळावरून खोक्यात पडू नये म्हणून मी डोक्याला दुपट्टा बांधला होता.

शेवटी एकदा टिक असा आवाज झाला आणि बल्ब विझला. थोड्या वेळानं पुन्हा टिक, बल्ब लागला. पारा शंभरावर. मी पाय पसरून भिंतीला टेकलो.

मायचा थर्मामीटरवर विश्वास नव्हता. तिनं आत थोडा वेळ ठेवलेलं एक अंडं माझ्याकडून मागून घेतलं आणि मिटलेल्या पापणीला लावलं. ना ऊन लागलं पाहिजे ना थंड. तिनं बराच वेळ लावून ठेवलं, मग म्हणाली, "तांबडीसारखंच हाये." आणि लगेच, "लोखंड टाकलं का?"

"माय, यात करंट हाये. लोखंड नाई चालत."

"मंग मी नाई ठेवू देत माझे अंडे."

मी चिडलो. मला चिडायला वेळ लागत नाही. आयटीआय शिकलेल्या माणसानं उघड्या तारांच्या खोक्यात मोकळा खिळा ठेवायचा म्हणजे काय! मी आवाज चढवला, हात हलवले, बाबांचं नावसुद्धा घेतलं, जे घ्यायला नको होतं. ती हलली नाही. टोपली पोटाशी धरून माझ्याकडं बघत राहिली, आणि तिची नजर हळूहळू माझ्यावरून सरकून भिंतीकडं जायला लागली. मी घाबरलो. खिळा घेतला आणि थर्मोस्टॅटपासून लांबच्या कोपऱ्यात, तणसाखाली खोल खोचून ठेवला. कोळसाही ठेवला. मग तिनं एक एक करून तेरा अंडी माझ्या हातात दिली.

माझ्या भीतीचे दिवस तिथून सुरू झाले. मी दुकानात असायचो आणि पेटी घरी, मायच्या खोलीत, आणि ती बटणाला हात न लावणारी. मी तिला समजावून सांगितलं, बल्ब लागते-विझते तोवर सगळं ठीक. लाइन गेली तर खोक्यावर गोधडी टाक. अंडी मी सकाळ-संध्याकाळ फिरवीन, तू झाकण उघडू नको.

"अन् बल्ब विझलाच नाई तं?" तिनं विचारलं.

"तं काकाले हाक मार. ते पिन काढतीन. तू हात लावू नको."

"मी कायले लावू?" ती म्हणाली.

दुकानात माझं लक्ष लागेना. मिक्सर उघडून ठेवायचा आणि कानात टिक ऐकत बसायचं. भारनियमनाचे दिवस होते, लाइन कधी जाईल आणि कधी येईल त्याचा नेम नव्हता. गेली की वाटायचं अंडी गारठली, आली की वाटायचं आता जोरात आली असेल आणि घर पेटलं असेल. अड्याळच्या रस्त्यावर कुणी जोरात सायकल मारत येताना दिसला, की हा मलाच निरोप द्यायला येतोय असं वाटून मी हातातलं काम टाकून दारात जायचो. दुकानदार भाऊ म्हणाले, "काहून रे, बायको बाळंत होऊन राहिली का तुई?" संध्याकाळी घरी पोचलो की लांबूनच आमच्या खिडकीकडं बघायचो. खोक्याच्या काचेतून बल्बचा पिवळा उजेड समोरच्या भिंतीवर पडायचा. तो क्षणभर गेला आणि पुन्हा आला की मगच सायकलवरून उतरायचो. आत जाऊन आधी थर्मामीटर बघायचो. पारा खाली येत नसल्यामुळं दिवसभरात जास्तीत जास्त किती झालं ते तो सांगायचा. शंभर, एकशे एक. एकदा एकशे दोन, त्या रात्री मला झोप लागली नाही.

माय मात्र खोक्याशी बोलायला लागली होती. काचेला तोंड लावून, "काय चाललं रे आत?" म्हणायची. मला हसू यायचं आणि रडूही. तेरा अंड्यांतून एकही पिल्लू निघालं नाही तर काय, हा विचार मी करतच नव्हतो असं नाही. तोच एक विचार करत होतो.

भाऊबीज झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. पाळणे, मिठाई, दंडारीचे खेळ, रात्री नाटक, माहेरी आलेल्या लेकी आणि जावई. पेटी लावल्याला सात दिवस झाले त्या दिवशी, म्हणजे अंड्यांच्या सोळाव्या, कोंढ्याची मंडई होती. दुकान दुपारी बंद झालं. सोबतच्यांनी आग्रह केला आणि मी गेलो. जायला नको होतं हे मला तेव्हाही कळत होतं. सात दिवस भीतभीत काढले होते. वाटलं, दोन तास माणसांत जावं, भजी खावी, आणि टिक ऐकू येऊ नये.

पाळण्याजवळ गर्दीत मला काका दिसले. शेजारचे काका, ज्यांनी पिन काढायची होती ते. सोबत काकू, त्यांच्या लेकी, आणि मागं आमच्या टोलीतल्या चार-पाच बाया.

"काका, तुमी इथं?"

"काहून? मंडईले येऊ नये का आमी?"

"टोलीत कोन हाये?"

काका हसले. "टोलीत कोन राह्यते आज? कुत्रे हायेत दोन."

माझ्या हातात भज्यांचा पुडा होता, तो मी तिथंच कुणाच्या तरी हातात दिला. सायकल काढली. रस्त्यावर मंडईला येणाऱ्यांची रीघ, बैलबंड्या, सायकली, खांद्यावर पोरं घेतलेली माणसं, सगळी माझ्या समोरून आणि मी एकटा उलटा. घंटी वाजवून वाजवून अंगठा दुखला. मी स्वतःला समजावत होतो, सात दिवस चाललं ते आजच कशाला बिघडेल. आणि लगेच आठवायचं, ती मोटरसुद्धा तीन पावसाळे नीट चालली होती.

टोलीत शिरलो तेव्हा दिवस मावळला होता. एकाही घरात दिवा नव्हता. गल्लीच्या तोंडाशीच मला थर्माकोल जळल्याचा वास आला. खिडकीत बघितलं. भिंतीवर पिवळा उजेड नव्हता. थांबलो, लागेल आता म्हणून वाट बघितली. लागला नाही.

दार लोटलेलं होतं. मी हाक मारली, "माय!"

उत्तर आलं नाही.

आणि मी दारातच थांबलो. हे लिहिताना मला आजही तोंड वर करवत नाही, पण थांबलो. आत अंधार, करपल्याचा वास, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती तारेला चिकटलेली. मला सगळं माहीत होतं. लाकूड घ्यायचं, मेन स्विच बाहेरच्या भिंतीवर आहे तो पाडायचा, हात लावायचा नाही. शिकवलेलं सगळं एका ओळीत आठवत होतं, आणि पाय उंबऱ्याच्या अलीकडं, धुऱ्यावर होते तसेच. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

मग आतून तिचा आवाज आला. "बाबू? जपून ये. मांडीत अंडे हायेत."

मी चाचपडत आत गेलो आणि बटण दाबलं. माय खोलीच्या मध्यात पाटावर बसलेली. अंगावर गोधडी, आणि गोधडीत, पोटाशी, लुगड्याच्या ओच्यात तेरा अंडी. पायांत माझी घरात ठेवलेली रबरी चप्पल. दोन्ही हात राखेनं पांढरे. खोक्याच्या झाकणाला बल्बच्या बरोबर वर वितळून तळहाताएवढं भोक पडलं होतं, आणि पिन बोर्डातून निघून जमिनीवर पडली होती.

"बल्ब विझेचना," ती म्हणाली. "काकाले हाक मारली, कोनीच नोहतं. मंग वास आला."

"पिन कोनं काढली?"

"मीच."

"माय!"

"ओरडू नको. तू भेऊन भेऊन करतो ना, तसंच केलं. चप्पल घातली, पाट घेतला, राख लावली. उलट्या हातानं शिवून पायलं आंधी." तिनं तो हात मला दाखवला. अंगठ्याजवळ चटका बसून फोड आला होता, तो वितळत्या झाकणाचा होता, करंटचा नव्हता. मी तिच्या समोर जमिनीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तिच्या ओच्यात अंडी होती म्हणून तिला मला जवळ घेता येईना. ती नुसतं म्हणत राहिली, "जित्ते हायेत रे, रडू नको, जित्ते हायेत. पापनीले लावून पायले मी."

थर्मामीटरचा पारा शेवटच्या खुणेला जाऊन टेकला होता. तिनं त्याआधी अंडी बाहेर काढली की नंतर, हे तिला आठवत नव्हतं, आणि थर्मामीटर ते सांगू शकत नव्हता.

खोक्यात काय बिघडलं ते मला हात घालताच कळलं. खिळा कोपऱ्यात नव्हता. सकाळी दुकानाला उशीर होतोय म्हणून मी अंडी घाईघाईनं फिरवली, तणस सरकलं, आणि तणसाबरोबर खिळा सरकत जाऊन दुपारनंतर कधीतरी थर्मोस्टॅटच्या दोन टोकांवर आडवा पडला. पट्टी बिचारी वाकून जोड सोडत होती आणि खिळा तो जोडून ठेवत होता. बल्ब विझणार कसा? खिळ्यावर दोन बारीक काळे ठिपके उमटले होते. म्हणजे बिघाड पेटीचा नव्हता. माझ्या हातचा होता. मी घातलेला, मी सरकवलेला, आणि ती ज्यातून वाचली ते मरण मीच तिच्या खोलीत ठेवलं होतं.

मी खिळा मुठीत लपवला. तेवढ्यात ती म्हणाली, "लोखंड होतं म्हनून वाचलं सगळं. नाई तं काई खरं नोहतं."

तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. काय सांगणार होतो? खोक्याला पुठ्ठ्याचं आणि मातीचं दुसरं झाकण केलं, थर्मोस्टॅटला पत्र्याच्या डबीत बंद केलं, पंचवीसचा बल्ब लावला. तिनं लोखंड मागितलं तेव्हा खिळा खोक्याच्या बाहेर, तळाखाली ठेवला आणि सांगितलं, खालीच पाहिजे असतं ना, तांबडीच्या खाली होतं तसं. तिला ते पटलं.

पुढचे पाच दिवस मी दुकानात गेलो नाही. एकविसावा दिवस आला आणि गेला. काही झालं नाही. माय एक एक अंडं कानाला लावायची आणि परत ठेवायची, आणि मी तिचा चेहरा वाचत बसायचो. मला पिल्लं नको होती, मला फक्त ती भिंतीकडं वळायला नको होती. बाविसाव्या दिवशी सकाळी तिनं सातवं अंडं कानाला लावलं आणि तसंच धरून ठेवलं. मग माझ्या कानाला लावलं. आतून कुणीतरी बारीक, रागावल्यासारखं ओरडत होतं.

तेरांतून पाच निघाली. आठ अंडी मी नंतर विहिरीमागं पुरली. त्यांतल्या काहींत पिसं आलेली पिल्लं होती, आणि ती कोणत्या दिवशी मेली हे मी मायला सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. त्या पाचांपासून टोली पुन्हा भरली. लोक आमच्याकडं खुडूक कोंबडी मागायला यायचे, आणि येताना तो खिळाही मागायचे, कारण मायनं त्याची कीर्ती गावभर केली होती. तो कितीतरी घरांच्या टोपल्यांत जाऊन आला. कोंबडीखाली तो कुणाचं काही बिघडवत नाही.

बटण मात्र त्या दिवसापासून ती दाबायला लागली. आधी चप्पल घालून, पाटावर उभी राहून, उलट्या हाताच्या बोटानं. नंतर नुसतीच. मी संध्याकाळी आलो की घरात दिवा असायचा.

बऱ्याच वर्षांनी, ती म्हातारी झाल्यावर, मी तिला एकदा विचारलं. ती अंगणात नातवंडांना पिल्लं दाखवत होती. म्हटलं, "माय, त्या दिवशी पिन काढताना भेव नाई वाटला?"

"वाटला ना."

"मंग काहून काढली? अंडे बाहेर काढून नुसती बसून राहाची. जायचा खोका तं गेला असता."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही एवढंही याला कळत नाही.

"तू येत होता ना घरी," ती म्हणाली. "तो वास आला असता तुले, अन् तू धावत येऊन पयले हातच घातला असता. तुह्या बापावानी. तू काई थांबला नसता. म्हनून म्हटलं, तू यायच्या आंधी मीच काढून ठेवतो."

मी मान हलवली. एक पिल्लू माझ्या पायावर चढत होतं, त्याला बाजूला केलं. त्या दिवशी मी दाराबाहेर नुसता उभा होतो, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.